माजी सैनिक संघटनेचा जुना बिल्ला: ओळख, काळ, साफसफाई आणि जतन

ट्रंकेच्या तळाशी, पेन्शन बुकाच्या पाकिटात किंवा देव्हाऱ्याच्या खणात एखादा रुपयाएवढा बिल्ला सापडतो. पुण्यात हे बऱ्याच घरांत घडते. खडकी, दापोडी, घोरपडी, वानवडी, कॅम्प या भागांत पलटणीतून निवृत्त झालेली माणसे पिढ्यानपिढ्या राहत आली. पुरंदर, भोर, मुळशी, खेडमधून फौजेत गेलेल्यांची नातवंडेही आता शहरातच आहेत. बिल्ला हाती लागला की घरातले कोणीतरी म्हणते, ‘आजोबांचे मेडल सापडले’, आणि दुसरे कोणीतरी तो चिंचेने लखलखीत करायला नेते. दोन्ही कामे आधी थांबवा. ते मेडल असेलच असे नाही, आणि घासताना जी खूण पुसली जाईल तीच नेमकी त्याची ओळख असू शकते.

सभासदत्वाचा बिल्ला स्वतःहून एकच गोष्ट सांगतो: अमुक संघटनेने हा आपल्या सभासदांसाठी काढला होता. शौर्य, हुद्दा, लढाई यांतले काहीही तो एकटा सिद्ध करत नाही. ते सगळे मागच्या बाजूवरून, कागदांवरून आणि घरातल्या माणसांकडून जोडून घ्यावे लागते. म्हणून कामाचा क्रम मोडू नका. पाहणे, मोजणे, फोटो, नोंद आणि सगळ्यात शेवटी साफसफाई.

सामान आणि पहिली पाहणी

घड्याळजी वापरतात तसे १० पट भिंग, प्लास्टिकचा व्हर्नियर कॅलिपर, किमान ०.१ ग्रॅम दाखवणारा सोनारी काटा, मऊ केसांचा रंगकामाचा ब्रश, बटर पेपर, मऊ पेन्सिल आणि नायट्राइलचे हातमोजे एवढे पुरते. हत्यारे बोहरी आळीत मिळतात, कागद आणि ब्रश अप्पा बळवंत चौकात. कॅलिपर प्लास्टिकचाच घ्या, कारण लोखंडी जबडा काठावर जरा जोरात टेकला तरी मिन्याचा, म्हणजे धातूत भरलेल्या रंगीत थराचा, टवका उडतो. हातमोजे नसतील तर बिल्ला फक्त कडेने धरा. घामातले क्षार पितळेवर आणि चांदीवर बोटांचे ठसे उमटवतात, आणि काही महिन्यांनी ते ठसे कायमचे काळे होतात.

फोटो दोन प्रकारे काढा. एक खिडकीच्या पसरट उजेडात, समोरून. दुसरा बाजूने खालच्या कोनातून टॉर्च मारून, म्हणजे झिजलेली अक्षरे आणि ठोकलेले आकडे सावलीमुळे वर येतात. मागचा नंबर तरीही लागत नसेल तर त्यावर बटर पेपर ठेवून पेन्सिलची बाजू हलकेच फिरवा. मिन्यावर हा प्रयोग करू नका.

हा नक्की कोणत्या प्रकारचा आहे?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. फौजेशी संबंधित चार वेगवेगळ्या वस्तू एकाच डबीत पडलेल्या असतात.

मेडल सरकार देते. ते फितीला लटकते. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलसारख्या मेडलांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. स्वतंत्र भारताच्या मेडलांवरही नाव कडेवरच येते. त्यामुळे वस्तू उभी धरून कडेकडे बघणे ही पहिली कसोटी. संघटनेच्या बिल्ल्याची कड सहसा कोरी असते आणि नंबर असलाच तर पाठीवर.

कॅप बॅज पलटणीचा, गणवेशाचा. आकाराने मोठा, आणि मागे दोन कड्या व त्यांतून जाणारी पिन, किंवा टोपीत खोचायची उभी पट्टी. महार रेजिमेंटची उभारणी १ ऑक्टोबर १९४१ ची. तिच्या सुरुवातीच्या बॅजवर दोन मशीनगन आणि कोरेगावचा स्तंभ होता, पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला. स्तंभ दिसला म्हणून तो एखाद्या संघटनेचा स्मरणबिल्ला असेल असे धरून चालू नका. आधी मागच्या कड्या बघा.

तिसरा प्रकार सरकारी बिल्ला, आणि याने भलेभले फसतात. ‘सिल्व्हर वॉर बॅज’ सप्टेंबर १९१६ मध्ये सुरू झाला. जखमी किंवा आजारी होऊन फौजेतून मोकळे झालेले लोक साध्या कपड्यांत फिरू लागले की त्यांना पळपुटे समजून हिणवले जाई. तो अपमान टळावा म्हणून हा बिल्ला निघाला. गोल, चांदीचा, मध्ये जी. आर. आय. ही राजमुद्रेची अक्षरे, वर मुकुट, भोवती ‘राजा आणि साम्राज्यासाठी, सेवा बजावली’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर आणि मागे नंबर. तो कोटावर उजव्या बाजूला लावत. दिसायला हुबेहूब क्लबचा बिल्ला, पण कोणत्याही संघटनेशी त्याचा संबंध नाही. ध्वजदिनाच्या टाचण्याही याच गटातल्या. ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो, आणि त्या दिवशी मिळणारे छोटे झेंडे म्हणजे देणगीची पावती, सभासदत्व नव्हे.

उरला तो संघटनेचा बिल्ला. साधारण १८ ते २८ मिलिमीटर, साध्या कपड्यांवर लावायचा, बहुतेकदा रंगीत मिना भरलेला, वर संघटनेचे पूर्ण नाव किंवा आद्याक्षरे. दुसऱ्या महायुद्धाचे ‘बर्मा स्टार’ हे सहा टोकांचे, फितीचे मेडल आहे. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या बर्मा स्टार असोसिएशनच्या छोट्या बिल्ल्यावर त्याच ताऱ्याचे चित्र असते. मराठा पलटणींनी ब्रह्मदेशात लढाई केली आहे, त्यामुळे दोन्ही वस्तू आपल्याकडच्या घरात निघू शकतात. पहिली सरकारने दिली, दुसरी सभासद झाल्यावर मिळाली.

मेडल आणि बिल्ला यांची सरमिसळ फार जुनी आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर १८६६ मध्ये ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’ ही माजी सैनिकांची प्रचंड मोठी संघटना निघाली. तिचा पाच टोकांचा ताऱ्याचा बिल्ला पकडलेल्या तोफांच्या काशातून पाडला जाई, आणि तो सर्वोच्च शौर्यपदक असलेल्या ‘मेडल ऑफ ऑनर’सारखा इतका दिसे की १९०४ मध्ये अमेरिकी लष्कराने आपल्या पदकाचा नमुनाच बदलला. या संघटनेचा शेवटचा सभासद १९५६ मध्ये वारला आणि संघटनाही तिथेच संपली.

संघटना कशा उभ्या राहिल्या, हे थोडक्यात माहीत हवे

बिल्ल्यावरचे नाव वाचता यावे म्हणून एवढा इतिहास लागतोच.

ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धाच्या काळातच सुटलेल्या सैनिकांच्या संघटना निघाल्या. एक १९१६ मध्ये, दोन १९१७ मध्ये, आणि अधिकाऱ्यांची वेगळी १९२० मध्ये. त्यांचे आपसांत पटत नव्हते, पण पेन्शनचा आणि बेकारीचा प्रश्न सगळ्यांचा सारखाच होता. १५ मे १९२१ रोजी चारही एकत्र येऊन ‘ब्रिटिश लिजन’ झाली. नावामागे ‘रॉयल’ लागले ते १९७१ मध्ये. म्हणजे ‘रॉयल’ असलेला लिजनचा बिल्ला १९७१ च्या आधीचा असूच शकत नाही. १९२१ मध्येच केप टाउन येथे साम्राज्यभरच्या संघटनांची ‘ब्रिटिश एम्पायर सर्व्हिस लीग’ स्थापन झाली. ऑस्ट्रेलियातली लीग १९१६ ची. वर्गणी भरली की त्या वर्षाचा आकडा असलेली चिमुकली पट्टी बिल्ल्याच्या माथ्यावर बसवायची, ही तिची पद्धत. ती पट्टी टिकली असेल तर शेवटची वर्गणी कधी भरली हे समजते, म्हणून सैल झालेली पट्टी ‘तुटका तुकडा’ म्हणून फेकू नका.

आपल्याकडे चित्र वेगळे होते. महाराष्ट्रात निवृत्त शिपायांनी एकत्र येऊन आवाज उठवल्याची ठळक सुरुवात महार पेन्शनरांनी केली. फौजेतली भरती बंद झाली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज केला, आणि पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. या चळवळीची खूण धातूच्या बिल्ल्यात शोधू नका. ती अर्जांत, सभांच्या वृत्तांतांत आणि छापील पत्रकांत आहे. घरात त्या काळचा कागद असेल तर कोणत्याही बिल्ल्यापेक्षा तो मोलाचा समजा.

सरकारी बाजूने १९१९ मध्ये ‘इंडियन सोल्जर्स बोर्ड’ झाले. १९५१ मध्ये त्याच्या नावात नौसैनिक आणि वैमानिक आले, आणि १९७५ मध्ये ते ‘केंद्रीय सैनिक बोर्ड’ झाले. जिल्ह्याच्या पातळीवर जुनी माणसे अजून ‘सोल्जर बोर्ड’ म्हणतात ते याच साखळीतले. ही सरकारी यंत्रणा आहे, सभासदांची संघटना नाही. तिचे नाव असलेली वस्तू बहुतेक कार्यालयीन किंवा कार्यक्रमापुरती असते. अपंग सैनिकांसाठीची क्वीन मेरीज टेक्निकल संस्था १९१७ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि पुढे खडकीला आली. तिचे नाव दिसले तर शोध प्रशिक्षणार्थी म्हणून घ्यावा लागेल, सभासद म्हणून नव्हे.

स्वातंत्र्यानंतरची देशव्यापी संघटना म्हणजे ‘इंडियन एक्स-सर्व्हिसेस लीग’, १९६४ ची, फील्ड मार्शल करिअप्पा यांच्या पुढाकाराने निघालेली. त्याखेरीज पलटणींच्या ‘ओल्ड कॉम्रेड्स’ मंडळ्या, हवाई दल आणि नौदलाच्या स्वतंत्र संघटना, आणि तालुका-गावपातळीवरचे अगणित ‘माजी सैनिक संघ’. पुण्यातल्या घरांत निघणारे बिल्ले बहुधा या शेवटच्या गटातले असतात. त्यांच्यावर फारसे कोणी लिहिलेले नाही, म्हणून त्यांची नोंद नीट करणे जास्त गरजेचे आहे.

काळ ठरवताना

एक नियम पक्का लक्षात ठेवा: नवी खूण पुरावा असते, जुनी खूण फक्त शक्यता. साचा पाडायला पैसे लागतात, म्हणून संघटना जुना साचा वर्षानुवर्षे वापरतात. ‘पूना’ हे इंग्रजी स्पेलिंग १९७० च्या दशकाच्या अखेरीस सरकारी वापरातून गेले, पण त्यानंतर पाडलेल्या बिल्ल्यावरही ते असू शकते. उलट ‘पुणे’ असे इंग्रजी स्पेलिंग असलेला बिल्ला १९४० सालचा आहे असे कोणी सांगितले तर हसून नमस्कार करा आणि पुढे चला.

मुकुट बघा. वरच्या कमानी घुमटासारख्या बाहेर फुगलेल्या असतील तर तो राजाचा मुकुट, साधारण १९५२ पर्यंतचा किंवा थेट २०२२ नंतरचा. कमानी मध्यभागी खाली दबलेल्या असतील तर १९५३ नंतरचा राणीचा. भारतीय फौजेत २६ जानेवारी १९५० ला मुकुट गेला आणि सिंहमुद्रा आली. पलटणीचे जुने आकडेही बोलतात. १९२२ च्या फेररचनेत १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या मराठा पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या बटालियन झाल्या. बिल्ल्यावर ‘११०’ असेल तर त्याचा मालक १९२२ पूर्वी त्या पलटणीत होता असे म्हणता येईल. बिल्ला मात्र नंतर काढलेला असू शकतो, कारण जुने सोबती आपला जुनाच आकडा लावत.

सोबत पावती किंवा सभासद-कार्ड असेल तर काम फार सोपे होते. वर्गणी आण्यांत लिहिली असेल तर १ एप्रिल १९५७ पूर्वीची किंवा त्याच सुमाराची. ‘नये पैसे’ असा शब्द असेल तर १९५७ ते १९६४. पत्त्यात ‘मुंबई राज्य’ असेल तर १ मे १९६० च्या आधीचा कागद. ‘पुणे २’ असा नुसता टपाल विभाग जुना, सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. आता बिल्ला आणि कागद एकमेकांशी जुळतात का ते ताडून बघा. एकाच डबीत असले म्हणून ते एकाच माणसाचे असतात असे नाही. घरात दोन भाऊ फौजेत असतील तर नंबर जुळल्याशिवाय नाव लिहू नका.

मागची बाजू

मागे चंद्रकोरीसारखा किंवा नालेसारखा खुंट असेल तर तो कोटाच्या काजात अडकवायचा जुना प्रकार. आडवी पिन आणि उघडा हूक असेल तर तोही जुना, आणि महिलांसाठी काढलेले बिल्ले बरेचदा असेच. फिरवून बंद होणारा हूक त्यानंतरचा. दोन दाबपाकळ्यांची पकड असलेला खिळा दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास झाला. १९१८ चा म्हणून दाखवलेल्या बिल्ल्याला असा खिळा असेल तर एकतर मागचा भाग बदलला आहे किंवा बिल्लाच नवा आहे. बदललेला असेल तर भिंगातून जुन्या डागाचा, म्हणजे वितळवून केलेल्या जोडाचा, ठसा आणि त्यापासून सरकून बसवलेला नवा जोड दिसतो.

निर्मात्याचे नाव वाचा. बर्मिंगहॅम आणि लंडनचे कारखाने, उदाहरणार्थ गाँट किंवा फॅटोरिनी, आपले नाव बारीक अक्षरांत ठोकत. ब्रिटिश चांदीवर चालणारा सिंह म्हणजे ९२५ शुद्धता, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, आणि शेजारचे एक अक्षर म्हणजे वर्ष. हे ठसे असतील तर वर्ष अक्षरतक्त्यावरून नेमके निघते. ठसे नसतील तर ‘चांदीचा आहे’ असे नोंदीत लिहू नका, ‘पांढरा धातू’ लिहा. आणि सोनाराला तो कसोटीवर घासू देऊ नका.

मागचा आकडा हा फौजेतला नंबर आहे असे बहुतेक लोक धरतात. तो जवळजवळ नेहमीच सभासद नोंदवहीतला किंवा बिल्ल्याचा अनुक्रमांक असतो. तो घेऊन रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे पलटणीच्या सेवानोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, पत्र लिहिले तर हाती काही लागत नाही. रेकॉर्ड ऑफिसला डिस्चार्ज बुकातला नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण लागते. बॉम्बे सॅपर्सचे रेकॉर्ड खडकीला, मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे सागरला.

नकली ओळखणे

बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात किंवा ऑनलाइन बिल्ला घेणार असाल तर हे बघा. खरा जुना बिल्ला साच्यात दाबून पाडलेला असतो. त्याची अक्षरे कडक, पार्श्वभूमी गुळगुळीत. खऱ्या बिल्ल्यावरून साचा घेऊन ओतलेली नक्कल भिंगाखाली रवाळ दिसते, बारीक छिद्रे असतात, कडेने जोडाची रेघ घासलेली असते, आणि धातू थंड होताना आक्रसल्यामुळे ती मूळापेक्षा किंचित लहान भरते. म्हणून माप ०.१ मिलिमीटरपर्यंत घ्यायचे. खोलगट भागात काळे बूट पॉलिश भरून जुनेपणा आणलेला असेल तर कोरड्या कापसाला काळे लागते. एकाच आकड्याचे दोन बिल्ले दिसले तर दोन्ही सोडा.

साफसफाई: जितकी कमी तितकी चांगली

चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर, टूथपेस्ट, सोडा, काहीही नको. आम्ल पितळेतला जस्ताचा अंश आधी खाते आणि पृष्ठभाग तांबूस, भुसभुशीत होतो. पावडर आणि पेस्ट अक्षरांच्या कडा गोल करतात आणि खाचांत पांढरी अडकून बसते. अमोनिया असलेले पितळ-पॉलिश तर टाळाच. अमोनिया ताणाखालच्या पितळेला तडे पाडतो. ब्रिटिश फौजेला याचा अनुभव हिंदुस्थानातच आला होता: पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली पितळी काडतुसे आपोआप तडकत, आणि घोड्यांच्या मुताचा अमोनिया हे त्याचे कारण १९२१ मध्ये उलगडले. दाबून पाडलेल्या बिल्ल्यातही तसाच ताण असतो, विशेषतः कडेला आणि वाकवलेल्या खुंटाला.

आधी मिना कोणता आहे ते ठरवा. भट्टीत भाजलेला खरा मिना काचेचा असतो. भिंगाखाली त्यात बारीक बुडबुडे दिसतात, तो कठीण असतो, आणि फुटला तर काचेसारखा कपचीने उडतो. नंतरच्या बिल्ल्यांत रंग भरून वर पारदर्शक थेंब दिलेला असतो. तो नखाला किंचित मऊ लागतो आणि जुना झाला की पिवळा पडतो. या दुसऱ्या प्रकारावर नेलपॉलिश रिमूव्हर लागला तर रंग विरघळून जातो. काचेच्या मिन्याला गरम पाणी चालत नाही, आणि दागिन्यांच्या दुकानातले कंप करणारे साफसफाईचे यंत्र तर अजिबात नाही. तडा असेल तर सगळा मिना सुटतो.

करायचे ते एवढेच. कोरड्या ब्रशने धूळ झाडा. तेलकट मळ असेल तर एक कप डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून कापसाची काडी बुडवा, पिळा, आणि धातूवर फिरवा. मिन्याच्या तड्याजवळ जाऊ नका. मग नुसत्या पाण्याची काडी, मग कोरडा सुती कपडा, आणि अर्धा तास पंख्याखाली. बिल्ला पाण्यात कधीही बुडवू नका, कारण तड्यातून आत गेलेले पाणी बाहेर येत नाही आणि मिन्याखाली हिरवा गंज धरतो. फीत असेल तर ओली करू नका. जुने रंग एकमेकांत उतरतात.

हिरवे दिसले तर फरक ओळखा. मेणासारखा गडद हिरवा थर म्हणजे जुनी चरबी आणि तांबे यांचा संयोग. तो बांबूच्या टोकदार काडीने, भिंगाखाली, कोरडाच खरवडून निघतो. फिकट हिरवी पूड पुन्हा पुन्हा येत असेल तर ते क्लोराइडचे दुखणे आहे. पूड झटकून बिल्ला बाकीच्यांपासून वेगळा करा आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसह घट्ट डबीत ठेवा. कोरडेपणा टिकला की ते थांबते. पोलादी पिन गंजली असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा सुईच्या टोकाएवढा थेंब फक्त बिजागरीला द्या. खोबरेल तेल मात्र नको. ते काही महिन्यांत आंबते आणि स्वतःच हिरवा थर तयार करते.

चांदी काळी पडली असेल तर काळीच राहू द्या. तो थर पातळ आहे, धातूला धोका नाही, आणि घासण्याच्या प्रत्येक वेळी ठशांचा थोडा भाग जातो.

पुण्याच्या पावसाळ्यात ठेवायचा कसा

जुलै-ऑगस्टमध्ये हवा इतकी दमट असते की कपाटातला बिल्लाही गंजतो. प्रत्येक बिल्ला वेगळ्या पॉलिथिनच्या झिप पिशवीत, खाली आम्लरहित कागदाचा तुकडा. सगळ्या पिशव्या घट्ट झाकणाच्या डब्यात आणि डब्यात सिलिका जेल. दोन लिटरच्या डब्याला ५० ग्रॅम पुरते. रंग बदलणारे घ्या, म्हणजे ते कधी भरले हे कळते. मग तव्यावर किंवा ओव्हनमध्ये साधारण ११० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरता येते. डब्यात दहा-वीस रुपयांचे नव्हे, बऱ्यापैकी छोटे आर्द्रतामापक ठेवा. आकडा ४५ टक्क्यांच्या खाली राहिला पाहिजे.

नाण्यांचे मऊ, वास येणारे प्लास्टिक अल्बम पीव्हीसीचे असतात. त्यातून निघणारे आम्ल तांब्याला चिकट हिरवे करते. रबरबँड, लोकर, वर्तमानपत्र यांतल्या गंधकाने चांदी काळवंडते. लाकडी डबीतली बाफही धातूला चांगली नाही. डांबर गोळ्या डब्यात नकोत. सेल्युलॉइडचा, म्हणजे छापील चित्रावर पारदर्शक पापुद्रा असलेला टाचणीचा बिल्ला मात्र बंद डब्यात कोंडू नका. तो जुना होताना आम्ल सोडतो आणि शेजारच्या धातूला खातो. त्याला स्वतंत्र कागदी पाकीट आणि हवा लागते.

बिल्ल्यावर चिठ्ठी चिकटवू नका, मार्करने आकडा टाकू नका. आकडा पिशवीवरच्या कागदी चिठ्ठीवर पेन्सिलने लिहा आणि तोच नोंदवहीत. नोंदीत हे हवे: कोणाकडून आला, त्या व्यक्तीशी नाते काय, कोणत्या वस्तूंसोबत सापडला, व्यास, वजन, रंग, मजकूर जसाच्या तसा चुकांसह, मागचा आकडा, पकडीचा प्रकार, निर्माता, कोणती साफसफाई कधी केली. ‘आत्याने सांगितले’ असे असेल तर तसेच लिहा आणि तारीख टाका. ऐकीव माहिती आणि कागदावरची माहिती वेगळ्या रकान्यांत ठेवली की पुढच्या माणसाला तपासता येते.

संघटनेचा माग काढणे

कार्डावर, पावतीवर किंवा लेटरहेडवर नोंदणी क्रमांक असतो. ‘महा/…/पुणे’ अशा धर्तीचा क्रमांक १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालचा, आणि ‘एफ’ने सुरू होणारा क्रमांक १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालचा. म्हणजे ‘एफ’ दिसला तर तो कागद १९५० नंतरचा, हेही आपोआप ठरले. हा क्रमांक घेऊन पुण्याच्या धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात परिशिष्ट १ च्या उताऱ्यासाठी अर्ज करा. उताऱ्यात संस्थेचे नाव, पत्ता, विश्वस्त असतात, आणि वेळोवेळच्या चेंज रिपोर्टवरून कोणत्या वर्षी पदाधिकारी कोण होते हे कळते. सभासदांची यादी तिथे मिळत नाही. ती संघटनेच्या स्वतःच्या नोंदवहीत असते आणि शेवटच्या सचिवाच्या घरी पडलेली असण्याचीच शक्यता जास्त. म्हणून चेंज रिपोर्टमधले शेवटचे नाव सगळ्यात उपयोगाचे. नुसत्या नावावरून शोध लागत नाही असे नाही, पण ‘माजी सैनिक कल्याणकारी संघ’ या नावाशी मिळत्याजुळत्या संस्था अनेक असतात.

घरच्या माणसाबद्दलचा शोध घोरपडीला राष्ट्रीय युद्ध स्मारकासमोरच्या सैनिक कल्याण विभागात किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात डिस्चार्ज बुक घेऊन सुरू करा. पहिल्या महायुद्धाचा संशय असेल तर मूळ गाव गाठा. अनेक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर ‘या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, इतके कामी आले’ अशी संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर नावे नसतात, फक्त आकडे असतात, पण गावाचा सहभाग तरी पक्का होतो.

बिल्ला परदेशी नातेवाइकांना पाठवणार असाल तर एक अडचण आहे. १०० वर्षांपेक्षा जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते आणि परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही.

आपल्या संघटनेचा नवा बिल्ला काढायचा असेल तर

सिंहमुद्रा वापरू नका. २००५ च्या कायद्याने तिचा असा वापर बंद आहे. पलटणीचे चिन्ह घ्यायचे तर रेजिमेंटल सेंटरची लेखी परवानगी आधी घ्या. सैनिक नसताना सैनिक असल्याचा समज व्हावा म्हणून तसे चिन्ह लावणे गुन्हा आहे, पूर्वीचे दंड संहितेचे कलम १४०, आता न्याय संहितेचे कलम १६८. म्हणून सभासदांच्या कुटुंबीयांसाठी बिल्ला द्यायचा असेल तर त्याचा आकार किंवा रंग वेगळा ठेवा आणि वर ‘कुटुंबीय’ असे स्पष्ट लिहा.

व्यास २२ ते २५ मिलिमीटर, पितळ १.५ मिलिमीटर जाड. इंग्रजी अक्षरांच्या मापाने मराठी मजकूर बसवला की तो हमखास बिघडतो. ‘महाराष्ट्र’मधला ‘ष्ट्र’, उकार, रफार यांच्या पोकळ्यांत मिना भरून नुसता ठिपका उरतो. अक्षराची उंची मात्रा-उकार धरून किमान २.५ मिलिमीटर ठेवा आणि गोलावर मजकूर असेल तर शिरोरेषा अक्षरागणिक तोडून घ्या, नाहीतर ती वळणावर दुभंगलेली दिसते. मजकूर जास्त होत असेल तर पूर्ण नाव सोडा. संक्षिप्त नाव, गाव आणि स्थापनेचे वर्ष पुरे.

अनुक्रमांक मिना भरण्याआधी ठोकून घ्या. नंतर ठोकला तर घावाने मिना तडकतो. नंतरच टाकायचा असेल तर लेझरने कोरून घ्या. सगळे बिल्ले एकाच खेपेत काढा, सभासदसंख्येपेक्षा १५ ते २० टक्के जास्त, कारण दुसऱ्या खेपेला लाल आणि निळा रंग हुबेहूब जुळत नाही. साचा कोणाच्या मालकीचा राहील हे पावतीवर लिहून घ्या. पकड म्हणून लोहचुंबक मागणारे बरेच असतात, पण वयस्कर सभासदांत पेसमेकर असलेले असणारच, आणि छातीजवळ चुंबक त्यांना चालत नाही. जाकिटासाठी दाबपकडीचा खिळा आणि पातळ सदऱ्यासाठी आडवी पिन असे दोन प्रकार काढा.

पूर्ण खेप पाडण्याआधी एक नमुना मागवा आणि तो हातभर अंतरावरून, चष्मा न लावता वाचायला तीन-चार ज्येष्ठ सभासदांना द्या. नोंदवहीत बिल्ल्याचा क्रमांक, सभासदाचे नाव, फौजेतला नंबर, दिल्याची तारीख, सही हे रकाने हवेतच. त्यापुढे आणखी एक रकाना आखा: सभासदाच्या पश्चात बिल्ला कुटुंबाकडे राहिला की परत आला, आणि कोणाच्या हाती दिला.